आबाजींची मांडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे. कोणावर जळते? एका म्हाताऱ्याच्या मांडीवर! हसा खुशाल. तुमच्या वाट्याला अशी सवत आली असती, म्हणजे कळलं असतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात एका सुताराने मला घडवलं. लग्नाच्या मांडवात भाड्याने जाणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसारखी मी सोम्यागोम्यासाठी नाही. ज्या मुलांना पाठ आणि मान सावरता येत नाही, त्यांच्यासाठी मी आहे. माझी पाठ सरळ, दोन्ही बाजूंना आधार, कमरेला पट्टा, पाय टेकायला पाट आणि समोर कोपरं ठेवायला रुंद फळी. माझा पहिला मुलगा मोठा झाला, माझ्यात मावेनासा झाला. मग रश्मी मॅडमनी मला तेल्हाऱ्याला प्रणालीकडे पाठवलं. या मॅडम अशा मुलांचे व्यायाम घेतात आणि घरी काय करायचं ते आईवडिलांना शिकवतात.

प्रणाली सहा वर्षांची. जन्माच्या वेळी तिला श्वास कमी पडला. समज चांगली, सगळं कळतं, पण हातपाय तिचं ऐकत नाहीत. मी घरात आले तेव्हा केवढ्या ऐटीत आले होते! वाटलं, आता ही पोर माझी. पण तिथे आधीच एक मांडी बसली होती. तिच्या आजोबांची, महादेवरावांची. घरात त्यांना सगळे आबाजी म्हणतात.

आबाजी तिला मांडीवर घेऊन भरवायचे, मांडीवरच झोपवायचे. पाहुणे आले की तिचं जेवण आधीच आतल्या खोलीत उरकून टाकायचे. का, तर तिच्या हातून सांडतं आणि लोक बघत बसतात. वरण-भात असा पातळ कालवायचे, की पोरीला चावायचंही काम नको. आणि मी? मी ओसरीवर! माझ्या फळीवर मुंगवड्या वाळायच्या आणि आबाजींची तंबाखूची डबी असायची. पोरीचं हसू ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

रश्मी मॅडम एकदा घरी आल्या आणि त्यांनी माझ्या फळीवरच्या मुंगवड्या बघितल्या. मग म्हणाल्या, "आबाजी, तिला जवळ घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण मांडीवर तिची पाठ तुम्ही धरता. मग ती स्वतः पाठ सावरायला शिकणार कधी? जेवताना तरी खुर्चीत बसवा."

"लाकडावर बसवू काय पोरीले?" आबाजी उसळले. "माया मांडीले काय काटे आले?"

बघा! लाकूड म्हणे! जीव नुसता जळून गेला माझा.

प्रणालीची आई रूपाली मात्र घाबरली होती. जूनपासून पोरीला गावातल्या शाळेत पाठवायचं ठरलं होतं. बाई घ्यायला तयार होत्या. पण दुपारी सगळी मुलं खिचडी खातील आणि आपली पोर ताटाकडे नुसती बघत बसेल, ही काळजी तिला खात होती.

"मामाजी, शाळेत तिले कोन भरवीन?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"मी जात जाईन रोज."

"अन् तुमी थकले म्हंजे?"

आबाजी उठले. टोपी चढवून शेताकडे निघून गेले.

त्या दिवसापासून आबाजी शेतात गेले की रूपाली मुंगवड्यांचं ताट उचलायची आणि प्रणालीला माझ्यात बसवायची. फळीवर तुरीच्या ओल्या शेंगा टाकायची. स्वतः फक्त तिच्या कोपराखाली हात ठेवायची. शेंगा निसटायच्या, घरंगळायच्या, पोर चिडून ओरडायची. मी तिची कंबर घट्ट धरून ठेवायची. हळूहळू शेंग तिच्या बोटांत टिकू लागली. एकदा तर फुटली आणि दाणा बाहेर आला! आणि तेवढ्यात दारात आबाजींच्या चपला वाजल्या. पोरीने लगेच हात पसरले, त्यांच्याकडे. कष्ट माझे आणि लाड त्या मांडीचे! हा कुठला न्याय?

तूर घरी आली की आमच्याकडे शेतात रोडग्यांची पंगत होते. रोडगे म्हणजे कणकेचे घट्ट गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. फोडायचे, वर तूप ओतायचं आणि वरण, वांग्याच्या भाजीशी खायचे. निखाऱ्याचं काम आबाजींचं, दुसऱ्याने हात लावलेला त्यांना चालत नाही. तेव्हा ते निखाऱ्यापाशीच अडकलेले असणार, रूपालीने हेच हेरलं. मला ऑटोत घालून शेतात आणलं आणि प्रणालीला माझ्यात बसवून पंगतीच्या टोकाला ठेवलं, सगळ्यांसमोर.

रूपालीने रोडगा फोडून फळीवर ठेवला. पातळ भात प्रणालीच्या मुठीत कधी टिकला नव्हता, पण रोडग्याचा तुकडा टिकला. पहिला तुकडा खाली पडला. दुसरा गालाला लागला. शेजारच्या मनकर्णाकाकू कळवळल्या, "अवं, भरव ना तिले! कावून हाल करतं लेकराचे?"

रूपालीचे डोळे भरले, पण ती हलली नाही. आबाजींना मात्र राहवेना. राखेचे हात धोतराला पुसत ते धावत आले आणि त्यांनी घास पुढे केला.

"आ कर वं माय."

प्रणालीने तोंड मिटून घेतलं. मान वळवली. आबाजींचा हात तसाच राहिला. तिची मूठ थरथरत वर आली, हनुवटीवर अडली, पुन्हा वर सरकली आणि तुकडा तोंडात गेला. ती चावत होती, हनुवटीवरून तूप ओघळत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, मी धरलंय तिला, मी!

मग तिने दुसरा तुकडा उचलला आणि हात लांब केला. आबाजींकडे. ते काळ्या मातीत गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तोंड उघडलं. तुकडा त्यांच्या तोंडात गेला.

"आता इथंच बसवत जा तिले," ते सुनेला म्हणाले. "मी बाजूले बसत जाईन."

मित्रांनो, मी जिंकले. पण पोरीच्या हातचा घास मिळाला आबाजींना आणि मला मिळालं फळीवर सांडलेलं तूप. अजून जळते मी, खोटं कशाला बोलू? तरी एक मागणं आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी असं मूल असेल, तर त्याला जवळ घ्या, लाड करा. पण जेवताना सांडलं तर सांडू द्या, कोणी बघितलं तर बघू द्या आणि त्याचा हात त्याच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर थांबा. आम्हा लाकडांना थांबता येतं, मग तुम्हाला का येऊ नये?