बाळंतिणींची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हणजे निकामी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

सॉलोमन बेटांवरच्या एका उथळ खाडीत, दगड रचून उभारलेल्या छोट्याशा बेटावर माझा जन्म झाला. बेथलिनच्या वडिलांनी माझ्या फळ्या तासल्या, वेलीच्या दोरीने शिवल्या आणि रानफळाचा गर ठेचून फटी बुजवल्या. मरताना त्यांनी मला मुलीच्या हवाली केले. पण मला वापरायचे सगळे पुरुष. समुद्र पुरुषांचा, अशीच तिथली समजूत होती.

बेथलिनची धाकटी बहीण बाळंत झाली तेव्हा मी मासेमारीला गेले होते. तिचे रक्त थांबेना. दवाखाना खाडीपलीकडे, मोठ्या जमिनीवर. मी परतले तोवर किनाऱ्यावर रडारड सुरू झाली होती. मित्रांनो, होडीला डोळे नसतात म्हणून बरे.

पुढच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर बेथलिनने बेटावरच्या बायकांना बोलावले. सभागृह पुरुषांचे, म्हणून त्या किनाऱ्यावरच बसल्या. कुणी आपल्याला वाचवायला येणार नाही, आपणच काय ते बघायचे, असे ती म्हणाली. मग ठरले. दर महिन्याला पलीकडच्या नर्सबाईंना आणायचे, पोरांची वजने करायची, लस टोचायची, पोटुशी बाई तपासणीवाचून ठेवायची नाही. बाळंतपणात काय करायचे ते नर्सबाईंकडून शिकून घ्यायचे. आणि एरवी होडी किनारा सोडणार नाही.

पण सिलास मला नेतच राहिला. तो बेटाच्या म्हाताऱ्या मुखियाचा, मायेलीचा पुतण्या. बायकांनी तक्रार केली, तर मायेली सुपारी चघळत म्हणाला की होडी बांधून ठेवली की कुजते.

एका सकाळी बेटावरच्याच नेस्ताला बाळंतकळा सुरू झाल्या आणि मी पुन्हा जागेवर नव्हते. ओहोटी होती. बेथलिन छातीभर पाण्यात चालत आली आणि सिलासच्या वाटेत उभी राहिली.

“उतर,” ती म्हणाली.

“अगं वहिनी, मासे तरी टाकून येतो.”

“मासे घेऊन उतर.”

तो उतरला. नेस्ताला चटईवर निजवून चौघीजणी वल्ही मारू लागल्या. वारा समोरून होता. अर्ध्या वाटेवरच मूल आले. होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या दिवशी माझ्यात दुसरीही नाळ होती. ती तशीच ठेवून बेथलिनने मुलीला पुसले, आईच्या अंगाशी धरले, छातीला लावले आणि नर्सबाईंनी शिकवले होते तसे नेस्ताचे पोट चोळत राहिली. दवाखान्यात पोचलो तेव्हा दोघी जिवंत होत्या. इतका मान मला कुठल्याही मोठ्या माशाने दिला नव्हता.

त्या परत आल्या तेव्हा किनाऱ्यावर मायेली उभा होता. ज्या होडीत बाळंतपण झाले ती बाटली, पुरुषाने तिला शिवायचे नाही, ती जाळायची, असा जुना नेम त्याने सांगितला. तो दुष्ट नव्हता. नेम मोडला तर मासे खाडी सोडून जातील, असे त्याच्या बापाने त्याला शिकवले होते आणि तो खरोखरच घाबरला होता.

बायका उतरल्या नाहीत. उलट किनाऱ्यावरच्या आणखी काहीजणी पोरे कडेवर घेऊन आत येऊन बसल्या. मी पार काठापर्यंत बुडाले.

“बेथलिन, बायकांना उतरव. होडी जाळायचीय.”

“जाळा की, काका. पण आधी आम्हाला उतरवा. हाताला धरून उतरवा.”

एकही पुरुष पुढे आला नाही. बायकांना हात लावायचा तर मला हात लागणार.

नेस्ताची सासू, तोंडात एकही दात नसलेली, म्हणाली, “ये रे सिलास. एरवी तर विचारायलाही थांबत नव्हतास.”

सिलास इतर पुरुषांच्या मागे जाऊन उभा राहिला. दिवसभर बायका उन्हात बसून राहिल्या. मुलींनी पाण्यातून चालत अळकुड्या आणि शहाळी आणून दिली. घराघरांत चुली थंड होत्या. उन्हे कलली तेव्हा मायेली एकटाच कमरेएवढ्या पाण्यात आला आणि लांब उभा राहिला.

“आणि मासे गेले तर?” त्याने हळूच विचारले.

“मासे गेले तर परत येतील, काका. माझी बहीण यायची नाही.”

त्याने ओंजळभर खारे पाणी तोंडावर मारले. मग म्हणाला, “न्या तिला तुमच्या बायकांच्या काठाला. यापुढे एकही पुरुष तिला शिवणार नाही.”

त्याला वाटले, ही शिक्षा झाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिले आणि हसू दाबायला पदराचे टोक नव्हते म्हणून हातांनी तोंडे झाकली.

मित्रांनो, मला बाटलेली म्हणाले आणि मी मोकळी झाले. पुरुष येत नाहीत म्हणून बायकांच्या सभाही माझ्यातच भरू लागल्या. मी बाळंतिणी नेल्या, नर्सबाई आणल्या, गोवराच्या साथीत तापाने फणफणलेली पोरे नेली. सगळी परत आली असे नाही. पण होडी नव्हती म्हणून कुणी गेले, असे पुन्हा झाले नाही. आणि मासे? ते कुठेही गेले नाहीत.

आता बेटावर इंजिनाची नवी बोट आली आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरांत आरोग्य खात्याचे नाव आहे. ती साखळीने बांधलेली असते, किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे असते आणि अध्यक्ष बहुधा शहरात असतात. मला मात्र पालथे घालून वर कोंबड्या बसवल्या होत्या. सरपणाला बरी, असेही कुणी म्हणाले.

मागच्या आठवड्यात बायकांनी कोंबड्या हाकलल्या. मला उताणे केले, कुजलेली फळी काढली आणि रानफळे ठेचायला घेतली.

तेव्हा मित्रांनो, माझी कीव करू नका, मला फुलांचे हार घालू नका. तुमच्या गावातही आयाबायांनी उभे केलेले काही असेल, तर त्याच्या फटी वेळेवर बुजवा. माझ्यापुरते सांगते, मला कुलूप नाही. जिला गरज असेल तिने वल्हे उचलावे.