मोटारीने ओढलेला जनीबायचा रहाट

सुज्ञ वाचकहो, जिचा देह मोडला परंतु यंत्र शाबूत राहिले अशा एका मोटारीने आमच्या आरे गावी विहिरीचे पाणी कसे उपसले, याचा यथार्थ वृत्तांत येथे निवेदन करण्याचे योजिले आहे. माझे शिक्षण मराठी तिसरीपर्यंतच झालेले आहे. तरी भाषेत उणीव आढळल्यास क्षमा असावी.

आमचे चाळीस पोफळींचे लहानसे आगर आहे. त्यास पाणी देणारा पायरहाट माझी वडील बहीण जनीबाय हिने, वैधव्य प्राप्त होऊन माहेरी आल्यापासून, अठरा वर्षे चालविला. विहिरीवरील फळीवर बसावे, हातापायांनी चाक ओढावे, मातीच्या लोट्यांची माळ वर यावी व पाणी पन्हळीत पडावे, असा तो क्रम. तिच्या या श्रमांमुळेच मी गावोगाव सुतारकाम करण्यास मोकळा राहिलो. सन १९३४ च्या फाल्गुनात तिचा गुडघा सुजला. वैद्यांनी बजावले की, रहाट असाच ओढीत राहाल तर पाय कायमचा जाईल.

मी तिला वैद्यांच्या आज्ञेचे स्मरण दिले, तेव्हा ती म्हणाली, "पाय गेला तर एक जाईल रे बाबल्या. पोफळी चाळीस हायत." आणि ती रहाट ओढीतच राहिली.

त्या सुमारास मी सावर्डे येथे परशुरामपंतांच्या, उतारू नेणाऱ्या नव्या सर्व्हिस मोटारीची लाकडी बॉडी बांधीत होतो. त्यांची जुनी मोटार पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, कलंडून चेपली होती व आंब्याखाली गंजत पडली होती. तिचे यंत्र मात्र चालू स्थितीत होते. मी भीत भीत ती मागितली.

पंत हसून म्हणाले, "काय सुतार, बहिणीला मोटारीतून मिरवणार की काय?"

"नाही पंत. तिला आता स्वस्थ बसवायची आहे."

पंतांचे हसू मावळले. "घेऊन जा," ते म्हणाले. इतकेच नव्हे, तर आपल्या ड्रायव्हरकडून चार दिवस मला यंत्राचे शिक्षण देवविले. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

यंत्र, सांगाडा व मागची चाके बैलगाड्यांतून आरे येथे आणली. रहाट उकलून त्याच्या कण्यास फणसाच्या लाकडाचे मोठे चाक जोडले. सारा जोर एकाच चाकावर यावा म्हणून मोटारीचे एक मागचे चाक खुंटास जखडले आणि दुसऱ्यावरून काथ्याचा दोर रहाटावर घेतला. या खटाटोपात आठ दिवस आगरास पाणी मिळाले नाही. वैशाखाचे ऊन, पोफळींचे शेंडे पिवळे पडू लागले. जनीबाय त्यांकडे पाही व गुडघा चोळी.

आमचे चुलते आप्पा यांनी देवास गाऱ्हाणे घालून नारळ ठेवला. तत्पूर्वीच त्यांनी निक्षून सांगितले होते, "नव्या वस्तूचा तोंड उगवतीला पायजे." त्याप्रमाणे मोटारीचे तोंड पूर्वेस करून मी सांगाडा जांभ्याच्या चिऱ्यांत पक्का बसविला होता.

यंत्र सुरू केले. रहाट फिरला, परंतु उलटा, आणि तोही भरधाव! सात लोटे काठावर आपटून फुटले. मी घाईने यंत्र बंद केले.

आप्पा म्हणाले, "अरे, ही मोटार पानी काढते का हिरीत वतते?"

लोक हसले. माझे डोळे भरून आले. सांगाडा उपटून फिरविण्यास आणखी आठ दिवस लागते, आणि पोफळी तितका काळ तग धरत्या ना. इतक्यात जनीबाय लंगडत फळीकडे निघाली. "सर बाजूला. दोर काढ. मी चढते."

"बाय, नको!" मी तिचा हात धरला.

"मग तुजी मोटार काय नुसती पुढंच जाते? मागं सरत नाय?"

चार दिवसांच्या शिक्षणात उलटा गेर मला शिकविला होता. पण जमिनीत रोवलेल्या मोटारीस मागे जाण्याचे काय प्रयोजन, असे समजून मी तो विसरलो होतो! मी दांडा ओढला. रहाट सुलटा फिरू लागला. आणि या मोटारीचा उलटा गेर सर्वांत मंद असल्यामुळे लोटे अगदी जनीबायच्या चालीने वर येऊ लागले. पन्हळीत पाणी पडले.

आप्पा लाजून म्हणाले, "माजाच चुकला रे."

मी त्यांच्या पाया पडलो. मोटार पश्चिमेस तोंड करून बसविली असती, तर रहाट सुलटा फिरला असता खरा, पण मी पुढच्याच गेरात ती भरधाव हाकीत राहून सगळे लोटे फोडले असते.

पाणी चाळिसाव्या पोफळीपर्यंत पोहोचले तेव्हा जनीबाय पाटाच्या कडेला बसली होती. सुजलेला पाय तिने पाण्यात सोडला होता, आणि रहाटाच्या लयीवर तिची बोटे आपसूक हालत होती. ती त्या फळीवर पुन्हा चढली नाही.

परशुरामपंत, त्यांचे ड्रायव्हर, आप्पा आणि माझी बहीण यांचा मी ऋणी आहे. आपण हे वेडेवाकडे लिखाण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल आपलेही आभार मानतो.

बाबाजी सोमा सुतार, मुक्काम आरे