अबू सक्रच्या गुडघ्याचा आराखडा

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अम्मानच्या एका दवाखान्यात मी सांधेबदलाचे आराखडे करते. सीटी स्कॅनवरून पेशंटचं हाड संगणकावर उभं करायचं, नवा गुडघा कुठे आणि किती कलता बसेल ते ठरवायचं. मग रोबोटचा हात बरोबर तेवढंच हाड कापतो. मी चुकले तर तोही अगदी काटेकोरपणे चुकतो.

आजचा गुडघा अबू सक्रचा होता. माणूस दक्षिणेकडच्या केरक गावचा, सत्तरी ओलांडलेला. आराखडा कालच झाला होता, डॉक्टर मुहन्नदनी तो पासही केला होता, तरी मी तो पुन्हापुन्हा उघडत होते. स्कॅनच्या वेळी पायाला एक सरळ कांडी बांधतात. खुबा, गुडघा, घोटा असं टप्प्याटप्प्याने टिपलं जातं आणि मधे पाय हलला तर चित्रात ती कांडी मोडल्यासारखी दिसते. इथे खुब्याखाली ती जेमतेम सरकली होती. संगणकाची काही तक्रार नव्हती.

"रुदैना, तुला सगळीकडे खोटच दिसते," डॉक्टर म्हणाले. "लग्नासाठी मुलगा दाखवला तर त्याचेही गुडघे मोजशील. तासाभरात आत घेतोय मी त्याला."

मी तडक अबू सक्रच्या खोलीत गेले.

"काल स्कॅन करताना हललात?"

"मी? दगडासारखा पडलो होतो."

"खरं सांगा. गुडघा वाकडा बसेल, जन्मभर लंगडाल."

"मग आत्ता काय नाचतोय?"

मी जागची हलेना, तेव्हा त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दार लोट, पोरी."

त्याचा थोरला भाऊ आला होता, हाज मुतलक; हज केलेला म्हणून हाज. बापाच्या माघारी विहिरीवरून दोघांचं फाटलं ते फाटलंच. एकमेकांच्या घरच्या लग्नालाही गेले नाहीत. गुडघ्याचं ऐकून तो काल अचानक केरकहून आला आणि स्कॅनवाल्याने म्हातारा माणूस बघून त्याला मधेच आत डोकावू दिलं.

"थोरला भाऊ दारात उभा आणि मी पसरलेला? पट्ट्या होत्या, तरी कोपरावर उठलो. त्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला."

"आणि हे सांगितलं नाहीत?" मी ओरडलेच.

"सांगून काय करू? तो म्हणेल, आलो काय आणि भावाचा पाय घालवला काय. उठून निघून जाईल, मग मी मेलो तरी यायचा नाही. पाय वाकडा झाला तर काठी आहे. कुणाला बोललीस तर याद राख."

मला त्याचा संताप आला आणि गलबलूनही आलं. असली माणसं! मी बाहेर आले आणि सगळ्या नातेवाइकांसमोर डॉक्टरांना सांगून टाकलं, "माझ्याकडून गोंधळ झालाय. स्कॅन परत करावा लागेल."

डॉक्टरांनी मला धारेवर धरलं. हाज मुतलकही मागे राहिला नाही. "कुणी शिकवलं हिला? माझा भाऊ म्हणजे काय शाळेतला फळा आहे, पुसून परत लिहायला?"

अबू सक्रला स्कॅनकडे नेलं आणि हाज मुतलक काठी टेकत मागोमाग निघाला. "दारातून दिसत राहतो त्याला. तेवढाच धीर."

तो दारात दिसला की अबू सक्र पुन्हा उठणार. अडवायचं तर कारण काय सांगायचं? त्याच्या खुर्चीशेजारी कॉफीचा थर्मास दिसला.

"हाज, मला कॉफी नाही देणार?"

मागितल्यावर नाही म्हणणाऱ्यातला तो नव्हता. चरफडत मागे आला, खुर्चीत बसला आणि पेला भरून दिला. मी तो तोंडाला न लावता खाली जमिनीवर ठेवला. असा पेला ठेवला की काहीतरी मागणं आहे, ते मान्य होईपर्यंत पिणार नाही. मी हे फक्त ताईला मागणी घालायला आलेल्यांना करताना पाहिलं होतं.

त्याच्या भुवया वर गेल्या. "शहरातल्या पोरींनाही येतं हे? पी. दिलं."

"आधी ऐका तरी."

"दिलं म्हणालो ना. पी!"

"ऑपरेशन होऊन भाऊ बाहेर येईपर्यंत या खुर्चीतून उठायचं नाही. आत जायचं नाही आणि घरीही नाही."

तो बघतच राहिला. समोर स्कॅनचं दार बंद झालं. हळूहळू त्याला उमगलं, मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काल तो माझ्यासाठी उठला."

मी जमिनीवरच्या पेल्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुझी चूक नाही. माझी." दोन्ही हात काठीवर रोवून तो उठू लागला. "माझं येणंच त्याला नडलं. जातो."

"हाज, शब्द दिलाय तुम्ही."

तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला आणि मग धपकन बसला. "लबाड आहेस."

"आहे," मी म्हणाले आणि कॉफी पिऊन टाकली.

आतून स्कॅनवाल्याने हाक मारली. कांडी या वेळी सरळ आली होती. आराखडा नव्याने मांडायचा होता, डॉक्टर ताटकळले होते. मी धावत सुटले, तर हाजने मागून हाक दिली.

"पोरी! बाहेर आणतील तेव्हा तो शुद्धीवर असेल?"

"असेल. कमरेखाली फक्त बधिर असतं."

"मग मला बघून परत उठायला जाईल, गाढव."

"जाईलच."

"मी बरा उठू देईन!" त्याचा आवाज फाटला. "तो दिसला की त्याच्या मानासाठी मीच आधी उभा राहीन आणि पडून राहा म्हणेन. थोरला आहे मी, करेल काय?"