शेवटच्या तारखेची लिफ्ट

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत त्याला कुणीच नावानं हाक मारत नसे. सगळे तारीखवाला म्हणायचे. कुठली लिफ्ट कधी तपासली, कुठली राहिली, याचा सगळा डेटाबेस त्याच्या ताब्यात होता आणि तो त्यावर नागोबासारखा बसलेला असे. तपासण्या कार्डावर लिहायच्या दिवसांत एखाद्या मेकॅनिकनं महिना आधी आणि दिवस नंतर लिहिला, की हा ते कार्ड दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखं धरून त्याच्या टेबलावर नेऊन टाकायचा. "तारीख अशी लिहितात होय? उद्या तुझं लग्न कुठल्या महिन्यात झालं तेही कळायचं नाही!"

असा माणूस. त्याला मॅनेजरबाईंनी एका सकाळी आत बोलावलं आणि म्हणाल्या, "दार लावा."

त्यानं दार लावलं. टेबलावर त्याचाच मासिक रिपोर्ट पडलेला होता.

"इस्पितळातली तीन नंबरची लिफ्ट. चार महिने तपासणी नाही. स्ट्रेचर जातं त्यातून. मेकॅनिक तुमचे कोण लागतात?"

"दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान."

"म्हणजे घरचंच प्रकरण." बाईंनी ड्रॉवर उघडून एक टाईप केलेला कागद दाखवला आणि परत आत सरकवला. "या महिन्यातही तपासणी दिसली नाही, तर हे पत्र त्यांच्या हातात. बावीस वर्षांची नोकरी असो नाहीतर बेचाळीस. आणि त्यांना यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं, तर दुसरं पत्र तुमच्या नावाचं."

तारीखवाला बाहेर आला तो थेट संशय घेऊनच. रिपोर्ट चुकला असेल, हा विचार त्याच्या डोक्याच्या आसपासही फिरकला नाही. रिपोर्ट त्यानं स्वतः लिहिला होता, सात वर्षांपूर्वी, आणि आजवर त्यात कुणाला कुसळ सापडलं नव्हतं. मग राहिले कोण? दाजी.

आणि दाजींवर संशय घ्यायला जागा होती. बाकीचे मेकॅनिक पंचवीस तारखेच्या आत सगळ्या तपासण्या उरकून मोकळे व्हायचे. दाजी मात्र इस्पितळासाठी महिन्याचा शेवटचा दिवस राखून ठेवायचे. विचारलं की सांगत, "ऑपरेशनच्या खोल्या त्याच दिवशी धुवायला बंद असतात. एरवी ती लिफ्ट मला कोण देतंय?" आजवर हे खरं वाटायचं. आता तारीखवाल्याला वाटलं, शेवटच्याच दिवशी बरं? महिन्यातून एक अख्खा दिवस, घरी माहीत नाही, ऑफिसात माहीत नाही. माणूस जातो कुठं?

रविवारी ताईकडे जेवायला गेला, तर जेवण राहिलं बाजूला, हा दाजींकडेच बघत बसला. दाजींनी दाढी गुळगुळीत केलेली. दाजींचा शर्ट नवा. मध्येच दाजींचा फोन वाजला आणि दाजी उठून गॅलरीत गेले.

"कोण होतं हो?" परत आल्यावर त्यानं विचारलं.

"प्लंबर."

"रविवारी?"

"नळ काय वार बघून गळतो का रे?"

"तुझं काय चाललंय?" ताईनं वाढता वाढता त्याच्या डोक्यावर टपली मारली. "मघापासून त्यांच्याकडे असा बघतोयस जसं काही ते तुझी चप्पल घालून आलेत."

तो कसाबसा हसला. पत्र मिळालं तर ताईचं काय होईल, हे त्या टपलीनं त्याला जास्त कळलं. दाजींना निवृत्तीला दोन वर्षं होती. कामचुकार म्हणून काढलेल्या माणसाला या वयात दुसरी लिफ्ट कोण देणार?

शेवटच्या तारखेला त्यानं रजा टाकली, डोक्यावर टोपी चढवली आणि इस्पितळाच्या खालच्या दालनात पेपर पसरून बसला. दाजी येणार नाहीत अशी त्याची खात्री होती. ठीक दहाला दाजी आले. हत्यारांची पिशवी, खांद्यावर जाड दोरी. त्यांनी 'काम चालू आहे'ची पाटी लावली आणि लिफ्टच्या डोक्यावर चढून अंधारात नाहीसे झाले.

"तुम्हाला कुणाला दाखवायचंय?" एक नर्स येऊन उभी राहिली.

"मला? पाठ."

"पाठ दुसऱ्या मजल्यावर."

"जातो. लिफ्ट सुरू झाली की जातो."

दोन तासांनी दाजी खाली आले, कोपरापर्यंत काळे. कापडाला हात पुसले, फोन काढला, कंपनीच्या ॲपमध्ये 'तपासणी पूर्ण'चं बटण दाबलं. खांबाआडून तारीखवाल्याला हिरवी खूण स्पष्ट दिसली. बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, त्यानं हसत हसत रिपोर्ट चालवला. तीन नंबरच्या लिफ्टसमोर रिकामी जागा!

आता संशयानं कूस बदलली. दाजी तपासणी करतायत, आणि मागून कुणीतरी ती पुसतंय! कोण? त्यानं मान वर करून ऑफिसभर नजर फिरवली. सुपरवायझर फोनवर हळू आवाजात बोलत होता, ते त्याला बरोबर वाटलं नाही. रिसेप्शनवाली उगाच हसली, तेही नाही. मग त्यानं डेटाबेसमधून नोंदी पुसायचा अधिकार कुणाकुणाला आहे, त्याची यादी काढली.

यादीत एकच माणूस होता. तो स्वतः.

बराच वेळ तो स्वतःकडेच संशयानं बघत राहिला. मग सात वर्षांत केलं नव्हतं ते त्यानं केलं. रिपोर्टातली तारखेची अट काढून टाकली आणि डेटाबेसला साधं विचारलं, बाबा, या लिफ्टच्या तपासण्या कुठल्या? ॲप आल्यापासूनच्या पाच नोंदी समोर आल्या, पाचही शेवटच्या तारखेच्या. अट लावली, गेल्या. अट काढली, आल्या.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी कार्डावरून नुसती तारीख भरली जायची, आणि नुसती तारीख म्हणजे डेटाबेसच्या लेखी त्या दिवसाचा पहिला क्षण, रात्रीचे बारा. रिपोर्टची अट होती, पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत. तिथली शेवटची तारीखही तोच पहिला क्षण. दोन्ही जुळायचे, काम भागायचं. पाच महिन्यांपूर्वी ॲप आलं. यानंच तारखेच्या रकान्यात वेळही भरायची सोय केली, जुन्या तारखा त्यात बदलून घेतल्या आणि पाठ थोपटून घेतली. रिपोर्टला मात्र हात लावला नाही. त्यामुळे रिपोर्टचा महिना शेवटच्या दिवसाच्या सुरुवातीलाच संपायचा. दुपारी बारा सातची तपासणी त्याच्या बाहेर. पुढचा रिपोर्ट सुरू व्हायचा एक तारखेला. अख्खा शेवटचा दिवस दोघांच्या फटीत.

तो तसाच मॅनेजरबाईंकडे धावला. बाईंनी पाच नोंदी बघितल्या. चष्मा काढला. चष्मा घातला.

"आत्तापर्यंत नव्हत्या. आता आहेत."

"बाई, त्या होत्याच. माझी अट चुकली."

"नोंदी भरायचा अधिकार कुणाला?"

"मेकॅनिकला ॲपमधून. आणि... मला."

"आणि मेकॅनिक तुमचे दाजी."

बाईंच्या जागी तो असता तर त्यानंही हाच संशय घेतला असता, वर चार प्रश्न जास्त विचारले असते. "मी त्यांना बघितलंय तिथं, माझ्या डोळ्यांनी!"

"तुम्ही तिथं काय करत होता?"

"पाठ दाखवायला गेलो होतो."

बाईंचा हात ड्रॉवरकडे गेला. तारीखवाला घाईघाईनं म्हणाला, "थांबा. दाजी सोडा. शेवटच्या तारखेच्या सगळ्यांच्याच नोंदी गळल्यात, दुरुस्तीच्यासुद्धा. तुम्हाला खात्रीनं आठवेल अशी एक दाखवतो." त्यानं बाईंच्याच कॉम्प्युटरवर आधी जुना रिपोर्ट चालवला, मग सुधारलेला. सुधारलेल्यात एक ओळ जास्त होती. दोन महिन्यांपूर्वी, तीस तारीख, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त, आत अडकलेली एक व्यक्ती बाहेर काढली.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. चाळीस मिनिटं आत बसून दरवाजा बडवल्याचं त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे तुमच्या रिपोर्टाप्रमाणे," त्या सावकाश म्हणाल्या, "मी अजून आतच आहे?"

"तसं... हो."

बाईंनी पत्र काढलं आणि चार तुकडे केले. "यापुढे दर महिन्याचा रिपोर्ट माझ्याकडे येण्याआधी तुमचे दाजी तपासणार. आणि हे सगळं का, ते त्यांना तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

दुपारी दाजी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. तारीखवाल्यानं सगळं सांगितलं.

"टोपी घालून बसला होतास?"

"हो."

"आणि मला एक फोन करून विचारावंसं वाटलं नाही?"

"बाईंनी बंदी घातली होती, दाजी."

"आणि स्वतःचा रिपोर्ट उघडून बघायला कुणी बंदी घातली होती?"

तारीखवाल्यानं मान खाली घातली. "चुकलो, दाजी. ताईला मीच सांगतो."

"सांगशीलच. आधी हे दाखव."

"आता अट अशी आहे, पहिल्या तारखेपासून, ते पुढच्या महिन्याची पहिली तारीख लागायच्या आत. शेवटच्या दिवशी कितीही वाजू देत, नोंद येणारच."

"फेब्रुवारीत?"

"एक मार्चच्या आत."

"एकोणतीसचा फेब्रुवारी असला तर?"

"तरी एक मार्चच. विश्वास ठेवा हो."

"बावीस वर्षं लिफ्टच्या डोक्यावर बसतोय," दाजी म्हणाले. "दोर चांगला आहे असं कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून मी खाली उभा राहून मान डोलावतो का? चढतो आणि हात लावून बघतो. लावून दाखव."

तारीखवाल्यानं मुकाट्यानं एक खोटी नोंद भरली, एकोणतीस फेब्रुवारी, रात्री अकरा एकोणसाठ, आणि रिपोर्ट चालवला. नोंद आली. त्यानं विजयानं दाजींकडे पाहिलं.

दाजींनी डोळे बारीक केले, स्टूल आणखी पुढं ओढलं आणि पडद्यावर बोट टेकवलं. काळा ठसा उमटला.

"बरं. आता डिसेंबर. वर्ष बदलतं तिथं."