वाघाची मावशी

सकाळी अख्खं दिघाशी गाव सीताबाईच्या दारात लोटलं होतं. गल्लीतल्या राखेत वाघाचे पंजे नखांसकट उमटले होते आणि ते तिच्याच उंबऱ्याशी थांबले होते.

आमच्या डोंगरातल्या गुहेत शेकडो वर्षांपूर्वी अरण्यनाथ महाराज राहत. त्यांनी वाघाच्या पायातला काटा काढला आणि वाघ जन्मभर त्यांच्यापाशी राहिला, अशी गोष्ट आहे. महिन्यापूर्वी कुबडी टेकत गावात आलेला व्याघ्रानंद बाबा काल म्हणाला, "तोच वाघ फिरतोय! पोरं तापतात ती चेटूक करणाऱ्या भुताळीमुळे. रात्री गल्लीत राख पसरा, दारं लावून बसा. वाघ जिच्या दारात थांबेल ती भुताळी!"

सत्तरीची, एकटी सीताबाई चौकट धरून उभी होती. तिचा पुतण्या नवशा खाली बघत म्हणाला, "काकी, आजच गाव सोड. माझी पोरगीपन तापलीय." लोकांच्या हातांत दगड होते.

तेवढ्यात माझी विद्यार्थिनी मेघाली कुजबुजली, "गुरुजी, चालताना वाघाची नखं उमटतात?"

"त्याच्या मावशीलाच विचार की!" मी म्हणालो.

तिनं सीताबाईच्या चुलीपुढची मांजर राखेत सोडली. गोल पावलं उमटली, नखांचा ठिपकाही नाही.

"मांजर काय, वाघ काय, चालताना नखं आत घेतात," मी म्हणालो. "कुत्र्याची उमटतात."

"म्हंजे बाबाचा वाघ कुत्रा हाय?" मागून कुणीतरी विचारलं.

बाबा गरजला, "दैवी वाघ आहे! महाराजांच्या देवळातलं वाघाचं चित्र बघा, नखं बाहेर आहेत!"

"बरोबर," मी म्हणालो. "ते चित्र बघूनच कुणीतरी हा पंजा कोरलाय."

मेघाली वाकून बघत होती. "सगळे पंजे एकच, गुरुजी! प्रत्येकाचं मधलं बोट तडकलेलं. आणि बाबांच्या कुबडीला खाली फडकं का? त्याला राख लागलीय."

"शाप लागेल!" बाबा मागे सरला. नवशानं पुढे होऊन फडकं ओढलं. आत लाकडात कोरलेला पंजा होता. मधलं बोट तडकलेलं, नखांत राख. गल्लीच्या कडेच्या फरशीवरून चालत बाबानं तो राखेत टेकवत नेला होता. सीताबाईनं बाबाच्या मठाला आपली जागा नाकारली होती, हे तेव्हा सगळ्यांना आठवलं.

दगड खाली पडले. "काकी..." नवशानं तिचे पाय धरले.

"माझं ऱ्हाऊ दे. पोरीला आधी दवाखान्यात ने."

नेली. तपासणीत मलेरिया निघाला, गोळ्यांनी ताप उतरला. बाबाला पोलिसांनी नेलं.

मुलांनो, गोष्टीतल्या महाराजांनी वाघाचा काटा काढला. कुणी तुमच्या मनात भीतीचा काटा रुतवू लागला, तर पळू नका. वाका आणि पाऊल नीट बघा.