वन्संचा उघडा कान

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर अर्धी गोष्ट भिंतीलाच ऐकू जायची. आज तुम्हाला बंदुकीच्या तोंडाची गोष्ट सांगायची आहे. दचकू नका, हिच्यात कोणी मरत नाही. एक कान तेवढा जाता जाता राहतो, आणि तो कसा राहिला तेच ऐकायचं आहे.

शहराच्या कडेला नेमबाजीचं एक मैदान होतं. या टोकाला शेड, त्या टोकाला मातीचा उंच बांध, मध्ये नुसतं गवत. शेडच्या मागे पत्र्याच्या खोलीत एक मिस्त्री बसत. स्पर्धेच्या बंदुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम. हाताला तेलाचा वास, कपाळावर भिंग आणि डावा कान ठार बहिरा. डावीकडून कोणी कटकट करायला लागलं की मिस्त्री शांतपणे कानस घासत राहत. त्यामुळे त्यांचा संसार फार सुखाचा झाला, असं त्यांची बायकोच सांगायची.

मिस्त्रींना नाद एकच. संध्याकाळी सभागृहात गाऊन निरूपण चाले, तिथे पहिल्या रांगेत जाऊन बसायचं आणि उजवा कान ताटासारखा पुढे करायचा. देवाचं नाव सुरात ऐकलं की दिवसभराचा लोखंडी कीस मनावरून झडून जातो, असं ते म्हणत. पुढे गाणारे महाराज, मागे धृपद, म्हणजे पालुपद, धरायला चारपाच जण. त्यात एक आवाज वन्संचा.

वन्सं म्हणजे मैदानावरच्या नणंद-भावजयींच्या जोडीतल्या नणंद. भावजय त्यांना वन्सं म्हणे, म्हणून सगळं मैदान वन्सं म्हणे. आणि वन्सं भावजयीला वहिनी म्हणत, म्हणून सगळ्यांची ती वहिनी. वहिनी जमिनीवर पालथ्या पडून लांबचा नेम धरायच्या. वन्सं त्यांच्या डाव्या हाताला बुटक्या खुर्चीवर बसून दुर्बिणीतून वारा बघायच्या आणि हळूच सांगायच्या, "उजवीकडून येतोय, थोडं धर." अकरा वर्षं हे चाललं होतं. घरात दोघींचं मिठावरून वाजायचं, मैदानावर एका शब्दावरूनही वाजलं नव्हतं.

त्या वर्षी वहिनींचा खांदा धरला. बंदूक सुटली की मागे लाथ मारते, ती लाथ त्या एका सांध्याने हजारो वेळा खाल्ली होती. डॉक्टरांनी सांगितलं, "लाथ निम्मी करा, नाहीतर बंदूक खाली ठेवा." मोठी स्पर्धा तीन आठवड्यांवर. वहिनींनी बंदूक ठेवली की वन्संची दुर्बीणही पेटीत जाणार, हे दोघींना कळत होतं.

एका सकाळी वहिनी पत्र्याच्या खोलीत आल्या आणि मेजावर एक नळकांडं ठेवलं. पुढे चार लांब फटी, काट्याच्या चमच्यासारखं.

"यांनी आणलंय," त्या म्हणाल्या. 'यांनी' म्हणजे नवऱ्याने. "नळीच्या तोंडाला लावलं की लाथ बसत नाही म्हणे."

मिस्त्रींनी ते उलटंपालटं केलं. "खांद्याला बाम लावायचा तर यांनी काजळाची डबी आणली."

"म्हणजे?"

"हा फ्लॅश हायडर. याने उजेड लपतो, लाथ नाही. तुमची स्पर्धा भर दुपारी. तिथे लपवायला उजेड कुठला?"

"पण तोंडाला बसतो तर खरा."

"डोक्याला टोपीही बसते वहिनी, म्हणून ताप उतरतो का? बसा." मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं आणि घसा साफ केला. आता हे लवकर संपणार नाही, हे ओळखून वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली.

"सभागृह डोळ्यांसमोर आणा. निरूपण संपलं, आणि दार एकच. महाराज आधी बाहेर पडले, ती गोळी. त्यांच्या मागे सगळी गर्दी एकदम बाहेर कोसळली, तो तापलेला वायू. दाराशी जो गलका होतो तो आवाज, आणि एवढी माणसं पुढे धावल्यावर इमारत जी मागे हादरते ती लाथ. आता दाराशी एक माणूस उभा करायचा. कसला माणूस उभा करता त्यावर सगळं आहे."

"आणि हा कोण?" वहिनींनी नळकांड्याकडे बोट केलं.

"हा नुसता गर्दी पांगवतो. चार वाटांनी काढतो, हवेत मिसळून देतो. एका जागी जमली तर ती गर्दी बाहेर येऊन पुन्हा पेटते, तो भडका. पांगली की भडका कमी. बस. दुसरा असतो कॉम्पेन्सेटर. त्याला वरच्या अंगाला भोकं. वायू वर सुटतो आणि नळीचं नाक खाली दाबतो. बार झाला की ज्यांची बंदूक वर उसळते त्यांच्यासाठी. एका गृहस्थाने भोकं खाली करून बसवला होता, वाफ डोळ्यात नको म्हणून. बंदूक आभाळाकडे बघायला लागली आणि धुळीने स्वतः गृहस्थ दिसेनात."

वहिनी हसल्या आणि हसताना खांद्याला हात गेला. ते मिस्त्रींनी पाहिलं.

"तुम्हाला हवा मझल ब्रेक," ते हलक्या आवाजात म्हणाले. "त्यात आडव्या भिंती असतात. पुढे धावणारा वायू त्यांच्यावर आपटतो आणि बाजूंनी बाहेर फेकला जातो. आपटताना बंदुकीला पुढे ओढतो. लाथ मागे, ओढ पुढे. खांद्यापर्यंत पोचते ती उरलीसुरली."

"त्याने गोळीला ब्रेक नाही ना लागणार?"

"महाराज केव्हाच घरी पोचलेले असतात वहिनी. ब्रेक गर्दीला."

ब्रेक आला, बसला. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे स्वतः दहा गोळ्या झाडून पाहिल्या आणि मान डोलावली. वहिनींनी एक बार टाकला आणि वळून म्हणाल्या, "वन्सं, अहो लाथ कसली, बंदुकीने नुसतं ढकललं मला." त्या दिवशी जेवणात मीठ जास्त पडलं तरी कोणी काही बोललं नाही.

पण चारच दिवसांत नेम बिघडला. खांदा ठीक, हात ठीक, गोळी मात्र कधी डावीला, कधी उजवीला. वन्सं वारा चुकीचा सांगू लागल्या. कधी सांगायच्याच नाहीत.

"वन्सं, गोळी कुठे गेली?"

"दिसली नाही गं."

"दुर्बीण डोळ्यालाच लावलीय ना?"

"नाही, कपाळाला लावलीय," वन्सं म्हणाल्या. अकरा वर्षांत मैदानावर पहिल्यांदा असं बोलणं झालं. वहिनींचा समज झाला की वन्संना कंटाळा आलाय. मिस्त्रींचा समज झाला की ब्रेक वाकडा बसलाय. त्यांनी तो दोनदा काढून मोजला. ब्रेक सरळ होता.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्री नेहमीच्या जागी बसले होते. महाराजांनी धृपद सोडलं, मागच्यांनी उचललं, आणि मिस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. एक आवाज किंचित खाली होता. एखादं दार चौकटीत अडून राहावं एवढाच. त्यांनी कान वळवला. वन्सं. ज्यांच्या आवाजावर बाकीचे आपला सूर लावून घेत, त्या वन्सं सुराच्या खाली गात होत्या आणि उजवा तळहात उजव्या कानावर दाबून धरत होत्या.

मिस्त्रींना पुढचं निरूपण ऐकूच आलं नाही. देवा, क्षमा कर, ते मनात म्हणाले, आज तुझ्यापेक्षा कान मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी ते मैदानावर आले आणि सरळ वन्संच्या बुटक्या खुर्चीवर बसले. दोन्ही कानांना आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवल्या, वर आपली कापडी टोपी ठेवली. "झाडा वहिनी."

वहिनींनी बार टाकला. मिस्त्रींच्या उजव्या गालावर कोणी गरम हवेची थप्पड मारावी तसं झालं. डोळे आपोआप मिटले. टोपी उडून गवतात पडली. डोळे उघडले तेव्हा गोळी कधीच बांधात शिरली होती.

ते तिथेच बसून राहिले. ब्रेक गर्दी बाजूंना फेकतो, हे स्टुलावर बसवून त्यांनीच सांगितलं होतं. बाजूला कोण बसतं, हे मात्र विचारलं नव्हतं. पंचवीस वर्षं प्रत्येक बंदूक त्यांनी मागून तपासली होती, आणि मागे बसणाऱ्याला या वाऱ्याचा फटका सगळ्यात कमी.

"वन्सं," ते म्हणाले, "खरं सांगा. उजव्या कानाची टोपी तुम्ही वर सरकवून ठेवता."

वन्संनी गवताकडे पाहिलं. "वहिनी हळू बोलते. एक कान उघडा नसला तर ऐकू कसं यायचं?"

"आणि कानात वाजतं."

"रात्रंदिवस."

"मग बोलला का नाहीत?" वहिनी उठून बसल्या.

"काय बोलू? तुझा खांदा बरा झाला म्हणून माझा कान दुखतो, असं?" वन्सं म्हणाल्या. "तू बंदूक ठेवली असतीस."

 वहिनींनी गवतातली टोपी उचलली, झटकली आणि चुकून मिस्त्रींऐवजी वन्संच्या डोक्यावर ठेवली.

"माझा डावा कान कसा गेला, ठाऊक आहे?" मिस्त्री म्हणाले. "मला काम शिकवणाऱ्या वस्तादांच्या उजव्या हाताला बसून, ते बार टाकत असताना. त्यांनाही माझी आठवण राहिली नव्हती. आणि मी तीच खुर्ची विसरलो."

वहिनी म्हणाल्या, "सायलेन्सर लावू या."

"तो चांगला. एकामागे एक खोल्या असतात, गर्दी प्रत्येक खोलीत थांबत, थंड होत, सावकाश बाहेर पडते. आवाजही उतरतो, लाथही. सिनेमात दाखवतात तसा फुस्स करत नाही, कानाला टोप्या लागतातच. पण त्याचा परवाना निराळा, आणि तुमच्या स्पर्धेत तो चालत नाही." मिस्त्री खुर्चीवरून उठले, खुर्ची उचलली आणि वहिनींच्या पायांमागे नेऊन ठेवली. "इथे बसा. दोन्ही कान झाका. बोलायचं नाही."

"मग सांगू कशी?"

"वहिनींचे पाय आहेत ना."

असं ठरलं. वारा उजवीकडून आला तर उजव्या बुटाच्या टाचेवर टिचकी, डावीकडून तर डाव्या. जोराचा असेल तर दोन. पहिला दिवस फुकट गेला, कारण वहिनींना टाचेपाशीसुद्धा गुदगुल्या होत. दोन वेळा बंदुकीवरून हात काढून त्या पोट धरून हसल्या आणि शेडमधल्या लोकांना वाटलं, खांदा पुन्हा गेला. मिस्त्रींनी जाड तळाचे बूट आणून दिले. मागे बसल्यावर वन्संना आणखी एक कळलं: गोळी जाताना हवेत पाण्यासारखी रेघ उमटते, ती बरोबर मागून सगळ्यात स्वच्छ दिसते. अकरा वर्षं आपण बाजूला बसून काय बघत होतो, असं त्या म्हणाल्या.

स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या गोळीला वारा फिरला. वहिनींचा चाप निम्मा दाबलेला. डाव्या टाचेवर दोन टिचक्या. त्यांनी बोट सोडलं, श्वास घेतला, नळी केसभर डावीला नेली आणि बार टाकला. जोडी तिसरी आली. वहिनींनी उजवा हात डोक्याच्या वर नेऊन हलवला, डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामापेक्षाही वर.

कानातलं वाजणं महिनाभराने थांबलं. तोवर वन्सं गायला गेल्या नाहीत. ज्या संध्याकाळी गेल्या, त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत मिस्त्रींशेजारी वहिनी बसल्या होत्या, त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे बोललेलं ऐकू जावं. धृपद उचललं गेलं. सूर चौकटीत बसला. मिस्त्रींनी डोळे मिटून देवाला हात जोडले आणि वहिनी कुजबुजल्या, "वन्संसाठी मीठ कमी घालते आता."

एवढीच गोष्ट. घरी जा, सुखाने जेवा. निजताना नाव घ्यायचं ते देवाचंच घ्या, पण त्याच्या मागोमाग एका माणसाची आठवण करा. तुमचं काम चालू असताना जे तुमच्या बाजूला बसतं आणि काही बोलत नाही, त्याची.