एक्केचाळिसावा सेकंद

ओट्यावरच्या जाळीतला चमचा घसरला आणि खणकन वाजला. ती जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीत लेकीचा आत्ता कुठे डोळा लागला होता. कूस बदलल्याची सळसळ झाली, मग पुन्हा सामसूम. तिने सुटकेचा श्वास टाकला, टेबलावरचे खडू बाजूला सारले आणि लॅपटॉप उघडला.

काम खरं तर सकाळीच हातावेगळं झालं होतं. गॅरेज तिचं आणि तिच्या दादाचं. नटबोल्ट, सायलेन्सर, वेल्डिंग ही दादाची बाजू. कुठल्या वेगाला इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं तो मॅप बसवणं तिची. लेक झाल्यापासून हे ती घरूनच करायची. दादा गाडी रोलरवर चढवायचा, चाक जागच्या जागी पूर्ण वेगात पळवायचा आणि निघालेला आलेख तिला पाठवायचा. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाचं पोट ऐकायला तिला त्यानेच तर शिकवलं होतं, दोन वेण्या घालत होती तेव्हा. त्याने पाठवलेल्या आकड्यावर तिने कधी शंका घेतली नव्हती.

आजची मोटारसायकल भिंगरीची. भिंगरी म्हणजे कॉलेजातली एक पोरगी, पाय जमिनीला न लागणारी. आज ती पहिल्यांदा रेसच्या ट्रॅकवर उतरणार होती. काल दादाने तिच्या गाडीला मोकळ्या घशाचा नवा सायलेन्सर बसवला. घसा मोकळा म्हणजे हवा जास्त, आणि हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्त हवं. ते कमी पडलं तर इंजिन तापतं, पिस्टनला भोक पडतं. भर वेगात मागचं चाक अडकलं तर वर बसलेल्याची खैर नसते.

पाठवलेलं काम पुन्हा एकदा बघायची तिची जुनी खोड. आलेख चढत गेला, चढत गेला, आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला धाडकन खाली आला. दादाच्या हातून वेगाची मूठ निसटली असेल, असं म्हणून सकाळी ती पुढे गेली होती. आता मात्र तो सेकंद तिला ओळखीचा वाटला. महिन्यापूर्वी लेकीला कडेवर घेऊन ती गॅरेजात गेली होती. गाडी दुसरी, सायलेन्सर दुसरा, मूठ तिच्या हातात. आवाजाला घाबरून लेकीने टाहो फोडला, आणि तिने मूठ सोडून दिली होती.

तिने जुनी फाइल शेजारी उघडली. आकडा न् आकडा तोच. तिने दादाला फोन लावला.

"दादा, सकाळी गाडी रोलरवर चढवलीस?"

"चढवली की. का गं?"

"मग एक्केचाळिसाव्या सेकंदाला मूठ का सोडलीस?"

"निसटली असेल गं."

"ती मूठ मी सोडली होती, दादा. पोरगी रडली म्हणून."

"अगं, भिंगरी डोक्यावर बसली होती, चला चला करत. आणि दोन्ही गाड्या सख्ख्या बहिणी. एकीचं झबलं दुसरीला होतंच की!"

"गाडी कुठंय?"

"गेली. अर्धा तास झाला."

भिंगरीने फोन उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे पेट्रोलपंपावरची गडबड ऐकू आली.

"ताई! वेग सोडला की नुसती फटाफट फुटतेय गाडी. मला वाटलं, नव्या सायलेन्सरचा तोरा."

"किल्ली काढ आधी. ट्रॅकवर जायचं नाही. टेम्पो बोलव आणि गाडी परत ने."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि जरा घुटमळली. "दादा म्हणालेच होते."

"काय म्हणाले?"

"की मॅप ताईचा आहे. हल्ली पोरीपायी तिचं चित्त थाऱ्यावर नसतं, काही चुकलंच तर मनावर घेऊ नकोस, सांभाळून घे. तुम्ही रागावू नका हं, ताई."

दादाचा आळस तिला समजला असता, घाईसुद्धा. पण गाडी दारातून निघायच्या आधीच त्याने चुकीला नाव देऊन ठेवलं होतं, आणि तेही तिचं.

"भिंगरी, गाडी रोलरवर चढलीच नव्हती," ती म्हणाली. भावाविरुद्ध परक्या माणसापाशी आयुष्यात पहिल्यांदा ती असं काही बोलत होती. "मला जुना आलेख पाठवला गेला. दादाने पाठवला."

मग तिने पुन्हा दादाला फोन लावला. शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे वाहून गेले.

"चित्त थाऱ्यावर नसतं माझं?"

"अगं, आपल्यातच राहिलं असतं ते. तुला कोण काय म्हणणार? लेकुरवाळी तू. माझं नाव खराब झालं तर गॅरेज बसेल."

"आणि भिंगरी मेली असती तर?"

"इतकं काही होत नसतं गं."

"आजपासून मी तुझी कुणी नाही," ती ओरडली. "आणि तू माझा कुणी नाहीस!"

फोन ठेवून ती वळली. दारात लेक उभी होती, एका पायात मोजा, गालावर उशीची घडी उमटलेली.

"आई," तिने विचारलं, "मग तो माझा मामा आहे का अजून?"